सासूबाईंचा कीबोर्ड

मृण्मयीने दोन महिने खपून कीबोर्डचा सर्किट बोर्ड आखला, त्यावर अडुसष्ट बटणं स्वतः सोल्डर केली. जोडून पाहिलं तेव्हा कळलं, आराखडा मागच्या बाजूने काढला गेला होता. एंटर डावीकडे, क्यू उजवीकडे, सगळं आरशातल्यासारखं. ती रडकुंडीला आली.

"टाकू नकोस, मला दे," सासूबाई म्हणाल्या. "मला कुठे सुलटा तरी येतो?"

महिनाभरात त्या महिला मंडळाची पत्रं बोटांकडे न बघता टाइप करू लागल्या.

मग मृण्मयीने नवा, बिनचूक कीबोर्ड बनवून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन ओळी टाइप केल्या, चष्मा काढला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे गं. पहिला किती छान जमला होता तुला. हा उलटा झालाय."