बुंदीचा पट्टा

त्या दुपारी आई आपल्या कुत्रीला, बुंदीला, पोळी भरवत तिच्या कानाशी कुजबुजत होती.

"काय सांगतेस तिला?" उत्तराने विचारलं.

"आमचं आहे ते. तू भाजी निवड," आई हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई गेली. उत्तराला परदेशी परतायचं होतं, म्हणून बुंदीला दत्तक द्यायचं ठरलं.

"हिच्या गळ्यातला पट्टा आवाज टिपून ठेवतो, ताई. आईंचं सगळं बोलणं त्यात साठलंय," प्राणी दत्तक देणाऱ्या केंद्रातली बाई म्हणाली. "नव्या घरी तो आवाज लावला की कुत्री लवकर रुळते."

"पुसा."

"निदान तुम्ही एकदा ऐका."

"मला सांगायचं असतं तर तिने सांगितलं असतं. पुसा."

बाईने बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात उत्तरा वाकली आणि पट्ट्याशी तोंड नेऊन म्हणाली, "आई, मला या बुंदीचा फार हेवा वाटायचा गं."