ती किंकाळी

जुन्या, स्वस्तातल्या भयपटाचा खेळ संपला. पडद्यावर भुताच्या पोशाखाची पाठीवरची चेन उघडी दिसली तेव्हा पोरं हसली होती, पण नायिकेच्या किंकाळीला हॉल चिडीचूप झाला होता. खेळानंतर मंचावर निवेदक भारावून म्हणाला, "ती किंकाळी खरी आहे! शूटिंगमध्ये बाईंना उघड्या वायरचा शॉक बसला आणि दिग्दर्शकांनी कॅमेरा चालूच ठेवला." टाळ्या पडल्या. त्याच्या शेजारी बसलेले दिग्दर्शक लाजल्यासारखे हसले. मंचावरच बसलेल्या, चाळीस वर्षं हेच ऐकून विटलेल्या नायिकेने माइक ओढून घेतला. "शॉक बसला खरा, पण तेव्हा यांच्या कॅमेऱ्यात रीळच नव्हतं! हात भाजला, पट्टी बांधली, तासाभराने पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि तेव्हा ही किंकाळी फोडली. त्या शॉटमध्ये नीट बघा, भाजलेला डावा हात पाठीमागे लपवलाय." दिग्दर्शकांनी मान खाली घातली. निवेदकाचा चेहरा पडला. "म्हणजे... किंकाळी खोटी होती?" नायिकेने कपाळाला हात लावला. "खोटी नाही रे बाबा, त्याला अभिनय म्हणतात!"