न लागलेला दिवा

संध्याकाळचे पाच वाजले तरी छताचा दिवा एकदाही लागला नाही, तेव्हा दमयंतीने पेन खाली ठेवलं आणि मनातल्या मनात हात जोडले. आजचा दिवसही पार पडला होता.

तारापूरच्या रसायन कारखान्यातली ही नमुन्यांची खोली. बाहेर गेलेल्या प्रत्येक मालाची एक बाटली इथे जपून ठेवायची, तिच्यावर चिठ्ठी लिहून चिकटवायची, हे दमयंतीचं काम. नऊ वर्षं ती ते करत होती, पण कंत्राटावर. मार्चअखेर निम्मी कंत्राटी माणसं कमी होणार, हे सगळ्यांच्या कानावर आलं होतं. मुरबे गावातल्या घरात मिळवती ती एकटीच. नवरा, भिका, बोटीवर पाठ मोडून घेतल्यापासून ओटीवरच्या खाटेला खिळला होता.

जानेवारीत हर्षितने, म्हणजे वीजबचतीचं काम बघणाऱ्या तरुण साहेबाने, प्रत्येक खोलीच्या छताला एक पांढरी डबी बसवली. डबीत बारीक डोळा. माणूस दिसलं की दिवे आपोआप लागतात, दिसेनासं झालं की दहा मिनिटांत विझतात.

"सगळं मुंबईच्या ऑफिसात दिसतं, मावशी," तो शिडीवरून म्हणाला होता. "कुठल्या खोलीत किती वीज जळली, अगदी मिनिटामिनिटाचं."

दमयंतीने ते मनावर घेतलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी ती धरतच होती. त्यात हा एक नेम वाढवला. कामावर राहणाऱ्यांची यादी लागेपर्यंत दिवसाउजेडी दिवा जाळायचा नाही.

पहिले दोन दिवस दिवा ऐकेना. ती जरा हलली की भक्कन पेटे. मग तिने तो डोळा कुठवर पोचतो ते नीट बघून घेतलं आणि आपलं टेबल ओढत ओढत शेवटच्या फडताळामागे, खिडकीपाशी नेलं. तिथे तो पोचत नव्हता. पुढचं दार सोडून ती मागच्या दाराने ये-जा करू लागली. बाटल्या खिडकीतूनच घेई आणि फडताळाच्या मागच्या अंगाला लावून ठेवी. मळकट काचेतून येणाऱ्या उजेडात बारीक अक्षरं लिहिताना डोळ्यांना पाणी येई. ती पदराने ते टिपी आणि देवाचं नाव घेत पुढची बाटली ओढी.

पॅकिंगमधली सुगंधा बाटल्या द्यायला आली की खिडकीतून डोकावायची.

"अगो बाय, चोरासारखी काय लपून बसलीस? आमी तर दिवा जातो म्हणून घडीघडी हात हलवतो. शाळेतली कवायत चाललीय नुसती."

"तुमी हलवा. मला दिसतंय तेवढं पुरे हाय."

"कंपनी तुला हार घालणार हाय का त्याबद्दल?"

"हार नको," दमयंती म्हणे. "नाव राहू दे म्हणजे झालं."

मार्चच्या शेवटच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हर्षितने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा केलं आणि तीन महिन्यांचा निकाल वाचून दाखवला. सर्वांत कमी वीज, पहिला नंबर, नमुन्यांची खोली. टाळ्या पडल्या. सुगंधाने तिला कोपराने ढोसलं. "घे. निघाला तुझा हार." दमयंतीला उपास होता, तरी पोट भरल्यासारखं वाटलं. वाचताना साहेबाने आपल्याकडे एकदाही बघितलं नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही.

चार वाजता फाटकाजवळच्या फळ्यावर यादी लागली. दमयंतीने ती वरून खाली वाचली. मग खालून वर. सुगंधाचं नाव होतं. सुगंधाने ते बघितलं, मग हिच्याकडे बघितलं, आणि रिकामा डबा छातीशी धरून उभी राहिली.

हर्षितच्या केबिनबाहेर दमयंतीने चपला काढल्या.

"साहेब, माझ्या खोलीचा पयला नंबर आला ना? मग नाव कसं नाय?"

तो उठून उभा राहिला. "बसा, मावशी."

ती बसली नाही.

"यादी इथे नाही झाली," तो म्हणाला. "मुंबईने केली. या डब्यांवरूनच केली."

"पण तुमी तर मला रोज येताजाता बगत होता."

"मी सांगितलं त्यांना. दोनदा फोन केला. ते म्हणाले, तू काय बघितलंस ते राहू दे, तुझा कागद काय सांगतो ते बोल."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि नमुन्यांच्या खोलीच्या मार्चच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा विजेचा रकाना," तो म्हणाला. त्यात शून्य होतं. बोट हळूच पुढच्या रकान्यावर सरकलं. "आणि हा, खोलीत माणूस किती वेळ होतं त्याचा."

तिथेही शून्यच होतं.