धरणारी डॉर्कस

“डॉर्कसबाई, सोडा तिचा हात. आज धरायला कुणी लागणार नाही,” डॉक्टर मिंटन म्हणाले.

डॉर्कसने चटका बसल्यासारखा हात सोडला. वीस वर्षं ब्रिजनॉर्थमध्ये कुणाचा हातपाय कापायचा म्हटलं, की रुग्णाला धरायला तिलाच बोलावणं यायचं. भले भले गाडीवान तिच्या दंडात नखं रुतवून ‘आई गं’ ओरडले होते. तिच्या पोटी मूल नव्हतं. आई म्हणून हाका मात्र गावभरातून मिळाल्या होत्या.

आणि आता ही मेणकापडाची पिशवी! दोन वर्षं मिंटन कोंबड्या-कुत्री काचेच्या घंटेखाली कोंडून, आत झोप आणणारा वायू सोडून, त्यांचा श्वास कधी अडतो, कधी परततो ते लिहीत बसले होते. गाव हसलं. डॉर्कसही हसली. आज त्याच वायूची पिशवी सवतीसारखी टेबलावर येऊन बसली होती.

टोपल्या विणणारी केझाया पाय सडला म्हणून आडवी पडलेली. नळीतून चार श्वास घेतले आणि बाई लेकरासारखी झोपली.

“पिशवीची तोटी तुम्ही सांभाळा. ओठ निळे पडले तरच बंद करा. आधी केलीत तर ती जागी होईल.”

करवत चालू झाली. ओरडा नाही, हाक नाही. ओठ गुलाबीच होते. डॉर्कसने तोटी हळूच फिरवून बंद केली.

केझाया कण्हली. तिचा हात चाचपडत आला आणि डॉर्कसच्या मनगटाला गच्च बिलगला. “आई गं...”

हेच तर हवं होतं. पण अशा वेळी डॉर्कस नेहमी छताकडे बघायची. आज ओठांवर नजर ठेवायची होती, म्हणून पहिल्यांदाच तिने वेदनेने पिळवटलेला चेहरा पाहिला.

तिने झटकन तोटी उघडली. मनगटावरची पकड सैल झाली.

“काय झालं?” मिंटननी विचारलं.

“काही नाही. बोट सरकलं.”

दोन महिन्यांनी बाजारात समोरून केझाया कुबड्या टेकत येताना दिसली. डॉर्कसने मान खाली घातली.

केझाया रस्ता ओलांडून थेट तिच्यापुढे उभी राहिली. “काय गं, ओळख विसरलीस होय? मला तर झोपले नि उठले, एवढंच आठवतं बघ. चल, माझ्या टोपल्यांपाशी बस घटकाभर.”

डॉर्कसने धरलेली माणसं तिला पाहून रस्ता ओलांडायची खरी, गेली वीस वर्षं. पण पलीकडे जायला.