पान चौदा

सकाळी फाईल उघडली तर पान अकरा पुन्हा बदललेलं. हा एकोणिसावा बदल. संगणकाच्या बाई बदल मोजून ठेवत होत्या, आणि मोजत बसलेल्या माणसाला संशय घ्यायला फार वेळ लागत नाही.

अभ्यासक्रम बाईंचा होता. म्हणजे होताही आणि नव्हताही. शाळेतल्या बत्तीस शिक्षकांना संगणक शिकवायचा, तर सगळं मुळापासून कोण लिहीत बसणार? इंटरनेटवर काही साहित्य 'घ्या, बदला, वाटा' म्हणून मोकळं ठेवलेलं असतं. त्यातले धडे बाईंनी वेचले, भाषा सोपी केली, शेवटच्या पानावर ज्याचं श्रेय त्याला दिलं. घेतलं तसं द्यायचं, म्हणून आपलीही फाईल शाळेत सगळ्यांसाठी उघडी ठेवली. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'कोणीही सुधारणा करावी.' असं लिहिणाऱ्याला मनातून खात्री असते, की कोणी करणार नाही.

शुक्रवारी बैठक होती. अभ्यासक्रम मंजूर झाला तर बाईंची नोकरी कायम, नाहीतर वर्षअखेरीला नमस्कार.

आणि इथे कोणीतरी नाव न लावता फाईलीत हात घालत होतं. बाईंनी लिहिलं होतं, 'फाईल जतन करा.' त्याखाली भर पडली, 'म्हणजे वरचं चौकोनी चित्र दाबायचं. दाबल्यावर काहीच होत नाही. तरी झालेलं असतं.' 'पासवर्ड टाका' याच्याखाली, 'अक्षरांऐवजी टिंबं उमटतात. यंत्र बिघडलेलं नाही.' आणि जिथे तिथे शेवटी दोन शब्द: 'घाबरू नये.'

"सरळसरळ टिंगल आहे ही," बाई घरी म्हणाल्या.

"मग कुलूप लाव की त्या फाईलीला," सासूबाई म्हणाल्या.

"कुलूप लावलं तर चोर कसा सापडेल, आई?"

चोर कोण, हे बाईंच्या मनात ठरलेलंच होतं. गणिताचे मास्तर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोटं कायम खडूने पांढरी. शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "फुकटची ठिगळं जोडून गोधडी शिवलीय बाईंनी. मी चौतीस वर्षं फळ्यावर काढली. फळा एकदाही हँग झाला नाही." सगळे हसले. बाईही हसल्या, पण ते हसणं त्यांनी लक्षात ठेवलं. शिपायाला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर तो म्हणाला, "मास्तर? रोज शाळा सुटली की संगणकखोलीची किल्ली मागतात. आत गेले की कडी लावून घेतात."

कडी! आणखी काय पुरावा हवा?

सोमवारी बाईंनी सापळा लावला. पान चौदावर मुलांचे गुण नव्या तक्त्यात हलवायचा धडा होता. आधी प्रत काढा, ती उघडून बघा, मग जुनी फाईल पुसा. बाईंनी क्रम उलटा केला. आधी जुनी फाईल पुसा, कचरापेटी रिकामी करा, मग प्रत काढा. त्यांचं गणित साधं होतं. टिंगल करतो त्याला संगणक येत असणारच. त्याला ही चूक दिसेल, तो ती जपून ठेवेल आणि बैठकीत सगळ्यांसमोर बाहेर काढेल. प्रशिक्षण अजून सुरू व्हायचं होतं, म्हणजे पान चौदापर्यंत दुसरं कोणी पोचलेलंच नव्हतं. जो बोलेल तो चोर. भलताच कोणी अडकण्याचा प्रश्न नव्हता.

मंगळवारी काही नाही. बुधवारी नाही. गुरुवारीही पान जसंच्या तसं. बसलाय दबा धरून, बाई स्वतःशी म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी पान चौदा बदललेलं होतं. क्रम पुन्हा सरळ केलेला. त्याखाली लिहिलं होतं, 'आधी प्रत काढायची, मगच पुसायचं. उलट केलं की सगळं जातं. नववीच्या अठ्ठेचाळीस मुलांचे वर्षाचे गुण गेले. पेपर कपाटात आहेत, पुन्हा चढवता येतात. घाबरू नये.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग पान एकपासून सगळे बदल पुन्हा वाचले. वीस बदल, वीस जागी कोणीतरी अडखळून पुढे गेलेलं.

बैठकीला मास्तर सगळ्यांच्या शेवटी आले. काखेत पेपरांचा गठ्ठा. बसल्या बसल्या टेबलाखाली एकेक पेपर उलटून ते गुण वहीत उतरवत होते.

मुख्याध्यापिकांनी मंजुरीचा कागद पुढे ओढला. "मास्तर, तुमचं काय म्हणणं?"

सगळे सरसावून बसले. गोधडीचं पुढचं ठिगळ ऐकायला मिळणार होतं.

"सही करा," मास्तर म्हणाले. "तरुण मास्तरांना उपयोग होईल. मला तेवढी सूट द्या. आपल्या डोक्यात ते शिरायचं नाही, एवढं या आठवड्यात कळलं."

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापिकांनी पेन उघडलं. बाईंनी गप्प बसायचं, की झालं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पान चौदावर चूक होती. ती मी घातली होती. मुद्दाम."

मुख्याध्यापिकांनी पेनाला पुन्हा टोपण लावलं. मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला. आता फुटणार, असं सगळ्यांना वाटलं.

"म्हणजे," मास्तर सावकाश म्हणाले, "आधीची तेरा पानं मला येतात."