पेंडीची लाल ओळ

"कीर्ते, तेवढं लाल काढून हिरवं कर," दूध संस्थेचे चेअरमन अण्णा स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले. खर्च ठरल्यापेक्षा वाढला की चौकोन आपोआप लाल व्हावा, असा नियम अहवालाच्या तक्त्यात संस्थेचा हिशेब ठेवणाऱ्या कीर्तीनंच घातला होता. लाल झाली होती पेंडीची खरेदी, आणि पेंड अण्णांच्या मेहुण्याच्या सांगलीतल्या दुकानातली. "आकडा तसाच ठेव की. नुसता रंग बदल, त्यात खोटं काय? आपल्या बायकांस्नी आकडं कुठं कळत्यात?" कीर्तीची कानशिलं तापली. पहाटे म्हशीची धार काढणारी तिची आई त्याच बायकांतली. "बदलते की, अण्णा," म्हणत तिनं नियमच बदलला. दुसऱ्या दिवशी वार्षिक सभेत पडद्यावर एका चौकोनाऐवजी पेंडीची अख्खी ओळ वाळत घातलेल्या मिरचीसारखी लालभडक झळकली. शेवटच्या रांगेतून आई उठली. "आवं अण्णा, त्ये लाल कशाचं हाय?" कीर्तीनं माइक अण्णांपुढं धरला.