बॅनरची साईट

गणपती जवळ आले तसे परळच्या त्या ऑफिसातले निम्मे लोक कामाच्या वेळात आपापल्या मंडळांचे बॅनर बनवायला बसले. साहेब तापले. आयटी सांभाळणाऱ्या प्रितीने लगेच फिल्टर लावून ती बॅनरची साईट ब्लॉक केली. सगळ्यांकडे बंद झाली, एकट्या तांबेंकडे उघडतच राहिली.

"बघा ना मॅडम, मला काय सोडत नाय ही," तांबे हसले. स्क्रीनवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा बॅनर होता आणि त्यावर त्यांचाच फोटो. ह्याच खुर्चीतला, अंगात आजचाच निळा शर्ट. "मंडळातल्या पोरांची मस्ती, दुसरं काय!"

प्रितीने फिल्टर तीनतीनदा तपासला. चूक कुठेच सापडेना.

चौथ्या दिवशी तांबे गेले. त्यांच्या काळाचौकीच्या नाक्यावर बॅनर लागला तो तोच, निळ्या शर्टासकट.

प्रितीने त्यांच्या कॉम्प्युटरवर साईट उघडून पाहिली. ब्लॉक. शेजारच्या टेबलावर, ब्लॉक. अख्ख्या ऑफिसात ब्लॉक. हुश्श करत ती जागेवर आली आणि शेवटचं म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर पत्ता टाकला.

बॅनर उघडला. फोटोची जागा अजून रिकामी होती. तेवढ्यात लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा दिवा लागला.